क्लचवरचा ठोकळा

[दृश्य: पाऊस. मंगळुरी कौलांवरून गळणाऱ्या पागोळ्या. चिऱ्यांच्या भिंतींची उघडी शेड. आत लहान ट्रॅक्टर. कॅमेरा सावकाश खाली येतो: क्लचचे पेडल पूर्ण दाबलेले, आणि ते तसेच राहावे म्हणून अडकवलेला फणसाच्या लाकडाचा ठोकळा.]

जुलै संपत आला आहे. पेडणे तालुक्यातल्या, शापोरा नदीकाठच्या या गावात सरदाची, म्हणजे पावसाळी भाताची, लावणी आटोपली. गेला सव्वा महिना हा ट्रॅक्टर चिखलात होता. आधी घरच्या शेतात, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या. आता भात कापून ट्रॉलीत भरायची वेळ येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ दसऱ्यापर्यंत, त्याला सुट्टी.

सुट्टी म्हणायची खरी, पण ट्रॅक्टरचे वर्षातले सगळ्यात वाईट दिवस हेच. गोव्यात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कपाटातल्या चपलांना बुरशी येते, बरणीतल्या मिठाला पाणी सुटते. अशा हवेत लोखंड दोन-अडीच महिने न हलता उभे राहते. कामाने जे झिजते ते डोळ्यांना दिसते. उभ्या-उभ्या जे कुजते ते दसऱ्याला कळते.

या घरात ते एकदा फारच नीट कळले होते. त्या ठोकळ्याची गोष्ट पुढे येईल.

[दृश्य: विहिरीजवळ ट्रॅक्टर. चाकांवर, बंपरवर वाळत चाललेला करडा चिखल.]

ट्रॅक्टर २४ अश्वशक्तीचा, फोर बाय फोर. इथले बांध अरुंद आणि कोपरे लहान, मोठा ट्रॅक्टर वळायलाच अर्धे शेत खातो. त्याच्या मागे फिरत्या पात्यांचा रोटाव्हेटर, पलटी नांगर, फणांचा कल्टिव्हेटर, चिखलणीची लोखंडी केजव्हील आणि एक ट्रॉली, एवढा संसार.

काका आयुष्यभर शेतात. आधी बैल, मग पॉवर टिलर, आता हा. पुतण्या तुयेच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो आणि रविवारी काकांच्या हाताखाली असतो. आज रविवार. भूक लागली म्हणून तो घराकडे वळला, तर काका म्हणाले, "आधी हे धू, मागीर जेव."

घाईला कारण आहे. घरची अर्धी जमीन मोरडात, म्हणजे उंचावरच्या जांभ्या जमिनीत आहे, अर्धी खाजनात. खाजन म्हणजे खाडीचे पाणी बांध घालून अडवलेली आणि मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणदाराच्या, दारांनी भरती-ओहोटी सांभाळत कसलेली जमीन. खारट माती सोसणारे कोरगुट भात तिथलेच. पावसाचे पाणी मीठ बरेचसे धुऊन नेते, पण सगळे नाही. तो चिखल चाकाच्या रिमच्या आत, अ‍ॅक्सलच्या खोबणीत वाळला, की तिथे मीठही राहते आणि मिठाने धरलेली ओलही. रंग फुगतो, मग पोपडा निघतो, आणि खालचे लोखंड तपकिरी झालेले असते. म्हणून खाजनातून आलेला ट्रॅक्टर त्याच दिवशी, विहिरीच्या गोड्या पाण्याने.

प्रेशर पंप आहे, पण तो चाकांपुरता. रेडिएटरच्या जाळीवर जोराचे पाणी मारले की पातळ पत्रे वाकतात आणि हवेची वाट बंद होते. बेअरिंगच्या सीलवर मारले तर चिखल बाहेर यायच्या ऐवजी आत जातो. वायरिंगचे काही सांगायला नकोच. धुतल्यावर इंजिन चांगले गरम होईपर्यंत चालवायचे, म्हणजे सांदीकोपऱ्यातले पाणी उडते.

आणि ग्रीस भरायचे ते धुतल्यानंतर, आधी नाही. ग्रीसगन निपलला, म्हणजे ग्रीस भरायच्या बारीक तोंडाला, लावून दाबत राहायचे. पहिल्यांदा पाणी आणि काळपट गाळ येतो, मग जुने ग्रीस, मग स्वच्छ ग्रीस. स्वच्छ दिसले की थांबायचे. हे पाहताना एक वेगळेच समाधान मिळते, कान साफ झाल्यासारखे.

[दृश्य: पुढच्या अ‍ॅक्सलखाली थाळी. बोल्ट सैल होतो. तेलाची धार.]

हे तेल बघा. मधासारखे असायला हवे होते, आले ताकासारखे. चिखलणीत पुढची चाके पोटापर्यंत बुडतात. सील थोडे जरी झिजले असेल, तर अ‍ॅक्सलच्या आत पाणी शिरते आणि तेलात घुसळले जाते. चालवताना काही जाणवत नाही. पण हेच तेल आत ठेवून ट्रॅक्टर उभा केला, की पाणी खाली बसते आणि गिअरचे दात त्यात भिजत पडतात. सील बदलला, नवे तेल भरले. खर्च झाला, पण अख्खा अ‍ॅक्सल उघडण्यापेक्षा फारच कमी.

इंजिन ऑइलही आत्ताच. पुष्कळ जण म्हणतात, आता उभाच राहणार आहे, दसऱ्याला बदलू. उलटे आहे. वापरलेल्या तेलात जळलेल्या डिझेलची आम्ले असतात, ओल असते. ती अडीच महिने बेअरिंगला चाटत राहतात. शिवाय बऱ्याच ट्रॅक्टरांना २५० तासांनी ऑइल बदलायला सांगतात, पण एवढ्याशा शेतीत तेवढे तास वर्षभरात भरत नाहीत. मग मीटरकडे बघून माणूस निर्धास्त होतो. मीटर तास मोजते, पावसाळे मोजत नाही.

काढलेले तेल डब्यात. खाजनाच्या पोयीत, म्हणजे आतल्या तळ्यात, कोळंबी असते, मासे असतात. तिथे तेलाची एक बादली ओतणाऱ्याला काका काय म्हणतात ते इथे सांगता येणार नाही.

[दृश्य: रोटाव्हेटर उलगडून ठेवलेला. पुतण्या विळीसारख्या सुरीने शाफ्टवर गुंडाळलेले काहीतरी कापतो.]

अवजारांत सगळ्यात जास्त लाड करावे लागतात ते या रोटाव्हेटरचे. हात घालण्याआधी इंजिन बंद आणि चावी खिशात. नुसता उचलून धरलेला रोटाव्हेटर हायड्रॉलिकच्या भरवशावर असतो, म्हणून खाली लाकडाचे ओंडके. हे न करता आत वाकणारी माणसे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

पात्यांच्या मधे काय सापडले? गवताच्या वेण्या, खताच्या पोत्याची नायलॉनची सुते, एक अख्खी प्लास्टिकची पिशवी. पोत्याचे सूत सगळ्यात वाईट. ते फिरत फिरत कडेला सरकते, सीलच्या ओठाखाली शिरते आणि करवतीसारखे कापते. मग गिअरपेटीतले तेल बाहेर, चिखल आत. म्हणून कितीही वेळ लागला तरी दोन्ही टोके सुताच्या शेवटच्या धाग्यापर्यंत मोकळी करायची.

पाती एल आकाराची. चिखलात ती फार झिजत नाहीत, मोरडातल्या जांभ्याच्या खड्यांवर झिजतात. एखाद-दुसरेच नवे बसवले तर शाफ्टचा तोल जातो आणि रोटाव्हेटर थरथरतो. त्यामुळे समोरासमोरची मिळून बदलायची, डावी-उजवी बघून. बोल्ट सगळे पुन्हा आवळायचे.

पीटीओ शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणारा दांडा, काढून खुंटीला आडवा. त्याचे दोन नळे एकमेकांत सरकतात. ग्रीस न लावता जोडलेले ठेवले, तर गंजून एकजीव होतात, आणि दसऱ्याला हातोडा घेऊन दोघे जण दोन बाजूंनी ओढत बसतात.

नांगराचे मात्र एकच मागणे. मातीने घासून त्याचा फाळ आरशासारखा झालेला असतो. त्या चकाकीवर रंग नाही, काही नाही, एका ओल्या रात्रीत तांबूस होतो. पातळ ग्रीसचा हात पुरतो. भिरंडेल, म्हणजे कोकमाचे तेल, पायाच्या भेगांना आणि ग्रीस नांगराला, असे काकी म्हणतात. सगळी अवजारे फळ्यांवर किंवा चिऱ्यांवर, उघड्या मातीवर एकही नाही.

[दृश्य: शेडच्या आतून. एका बाजूला गोठ्याची भिंत, नव्याने बंद केलेली खिडकी.]

शेड तीन बाजूंनी बंद, चौथीकडून वारा. ताडपत्री गुंडाळून ठेवलेला ट्रॅक्टर सुरक्षित दिसतो, पण आत घाम धरतो. पूर्वी या खिडकीतून गोठ्याची हवा थेट इथे यायची. गोमूत्राच्या अमोनियाने तांब्या-पितळेची टर्मिनले हिरवी पडायची. खिडकी चिणली. खताची पोतीही हलवली, युरिया ओल ओढतो आणि लोखंडाला खातो.

डिझेलची टाकी काठोकाठ. रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री थंड झाली की टाकीच्या आत थेंब धरतात. पाणी तळाशी जाते, आणि डिझेल-पाण्याच्या सीमेवर काळा चिकट गाळ वाढतो. रेडिएटरमधले कूलंट गोठायची भीती इथे कुणाला, पण तरी नळाचे साधे पाणी घालायचे नाही. कूलंटमधले औषध गंजही थांबवते.

सायलेन्सरवर करवंटी उपडी. हसू नका. त्या नळीत पावसाचे पाणी तर जातेच, शिवाय कुंभारीण माशी तिथे मातीचे घर बांधते. बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी, टर्मिनलवर व्हॅसलीन. पुतण्याने मीटर आणला आहे: निवांत असलेली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.४ च्या खाली गेली की चार्जिंग.

दर पंधरा दिवसांनी ट्रॅक्टर चालू करायचा, तोही अर्धा तास, काटा गरम दाखवेपर्यंत. पाच मिनिटे घुर्र करून बंद करणारा आपल्या इंजिनात पाणी बनवून ठेवतो, कारण थंड इंजिनात जळणाची वाफ बाहेर न पडता तिथेच थिजते.

[दृश्य: क्लचच्या पेडलवरचा ठोकळा, जवळून.]

तीन वर्षांपूर्वीचा दसरा. ट्रॅक्टर धुतलेला, झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकू, पुढे नारळ फोडलेला. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झाले. काकांनी क्लच दाबला, गिअर टाकला, आणि करकर आवाजाशिवाय काही नाही. पुन्हा. पुन्हा. मुले हसली. मेस्त, म्हणजे मिस्त्री, आला, म्हणाला, क्लचप्लेट फ्लायव्हीलला, इंजिनाच्या जड चाकाला, गंजून चिकटली आहे. गरम करून पाहिले, ओढून पाहिले, सुटेना. शेवटी ट्रॅक्टर मधोमध उघडून दोन भाग करावे लागले. कापणीचे आठ दिवस गेले. भात डोक्यावरून आणले.

प्लेट फ्लायव्हीलला दाबून बसलेली असते, मधे हवा नाही, ओल मात्र शिरते. पेडल दाबून अडकवले की दोघांत फट राहते. बस्स, एवढेच. तेव्हापासून हा ठोकळा.

[दृश्य: दसऱ्याची सकाळ. ऊन. पिवळे पडलेले भात. काका ठोकळा ओढून काढतात.]

"बाबू, करवंटी काढलीस?"

"काढली, काका. आणि माशीचे घर आरशामागे होते."

[इंजिनाचा आवाज. गिअर पडतो. ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर कापणीच्या शेताकडे निघतो. ठोकळा खुंटीवर, पीटीओ शाफ्टच्या शेजारी.]