कणकुंबीचा पाऊस जातो कुठं?

नमस्कार मंडळी. चोर्ल्यावरनं गोव्याला जाताना कणकुंबीत चहाला गाडी थांबवता की नाही? मग पुढच्या वेळी चहा झाला की जरा माउलीच्या देवळाकडं जाऊन या, तिथल्या कुंडातनं मलप्रभा निघते, आणि पहिल्यांदा बघितलं की हसूच येतंय, ही नदी? आमच्या परड्यातली विहीर यापेक्षा मोठी आहे की ओ!

पण गंमत पुढंच आहे. कणकुंबी सह्याद्रीच्या माथ्यावर, साधारण 790 मीटर उंचीवर. तिथलाच कळसा नाला पश्चिमेला म्हादईत जाऊन अरबी समुद्र गाठतो आणि मलप्रभा पूर्वेला वळून कृष्णेतनं पार बंगालच्या उपसागरात, म्हणजे एकाच गावच्या कौलांवरचा पाऊस, एक पागोळी इकडं, एक तिकडं. पेपरात वाचतो ते कर्नाटक-गोव्याचं कळसा-भांडुराचं (दोन्ही म्हादईकडं जाणारे नाले) भांडण हेच, म्हादईकडचं पाणी मलप्रभेत वळवायचं की नाही. 2018 ला म्हादईच्या पाणीवाटप लवादानं कर्नाटकाला 3.9 टीएमसी, म्हणजे 3.9 अब्ज घनफूट पाणी वळवायला दिलं, तरी वाद मिटला नाही. असो, त्यात मी पडत नाही.

हब्बनहट्टीला नदीतच मारुती आहे, पावसाळ्यात देव चक्क पाण्याखाली, मग लोक काठावरनंच हात जोडतात. पुढं खानापूर, तिथली लाल माती, मडकी, कौलं सगळ्यांना माहीत. मग सौंदत्तीजवळ नविलुतीर्थला डोंगर चिरून नदी जाते त्या खिंडीतच धरण बांधलंय, हुबळी-धारवाडच्या नळाला येतं ते हेच पाणी.

आणि मग पट्टदकल. दक्षिणेतनं उत्तरेला वाहते म्हणून तिथं नदी पवित्र मानतात, चालुक्य राजांचे राज्याभिषेक तिथं व्हायचे. विरूपाक्षाचं देऊळ राणी लोकमहादेवीनं बांधलं, नवऱ्यानं, म्हणजे दुसऱ्या विक्रमादित्यानं, कांचीच्या पल्लवांना हरवलं त्याची आठवण म्हणून. 1987 पासनं ते जागतिक वारसा यादीत आहे. असल्या गोष्टी आम्हाला शाळेत कुणी नीट सांगितल्या नाहीत, सनावळ्या तेवढ्या पाठ करून घेतल्या.

मी गेलो होतो भर एप्रिलात. देवळामागं पात्रात ढोपरभर पाणी, एक म्हातारा बैल धूत होता. कुठले म्हणून कन्नडमध्ये विचारलं, खानापूरकडचा म्हटल्यावर बैलाच्या पाठीवर पाणी मारत म्हणाला, मग यंदा जरा लवकर पाठवा की!