चर्चची चावी कोणाकडे?

नमस्कार मंडळी! आता रेडिओवर मंडळी म्हटलं की तुम्ही सगळे ऐकणारे, पण आम्हा नगरकडच्या ख्रिस्ती घरांत मंडळी म्हणजे चर्च, म्हणजे पाळकसाहेब, चर्चचा कारभार बघणारे पंच, पहिल्या बाकावरच्या आज्या, सगळे आले, आणि शेवटच्या बाकावर जो घोळका असतो ना तो तरुण संघ.

परवा एका बाईंनी मला विचारलं, हा तरुण संघ नक्की कशासाठी असतो हो, आमचा मुलगा जातो, गिटार वाजवतो, वडापाव खाऊन घरी येतो. मला पटकन उत्तर देता येईना, कारण खरं सांगू का, बऱ्याच ठिकाणी तेवढंच चालतं. मोठ्यांना वाटतं पोरं वाईट संगतीला लागू नयेत आणि नाताळात खुर्च्या लावायला हात मिळावेत. अहो, खुर्च्या लावायला मांडववालापण माणसं देतो!

अमेरिकेत मेन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये फ्रान्सिस क्लार्क नावाचे पाळक होते, त्यांनी २ फेब्रुवारी १८८१ ला पोरापोरींना आपल्या घरी बोलावून संघ काढला, त्यातूनच पुढे ख्रिस्ती एन्डेव्हरची चळवळ जगभर गेली. त्यांच्या सभासदांनी घ्यायच्या शपथेत एक गंमत होती, सभेला यायचं आणि नुसतं गाऊन भागणार नाही, आणखी काहीतरी स्वतः करायचं. प्रार्थना करा, दोन वाक्यं बोला, अडखळलात तरी चालेल. मला वाटतं सगळी मेख इथेच आहे.

मी सोळाचा असताना कॅरल राउंडचा, म्हणजे नाताळची गाणी गात घरोघर फिरतात त्याचा, हिशेब माझ्याकडे दिला होता. रात्री अकरा-साडेअकरापर्यंत घरोघर फिरायचं, पेटी, ढोलकी, टाळ, लोक पैसे टाकतात तो एक डबा, आणि थंडी तर विचारू नका. शेवटी मोजलं तर चाळीस रुपये कमी. रडकुंडीला आलो होतो. एक पंचकाका म्हणाले, परत मोज, आणि बाजूला जाऊन चहा पीत बसले, डबा काही माझ्याकडून घेतला नाही. पैसे सापडले नाहीत ते नाहीतच, मी भर सभेत उभं राहून तसं सांगितलं आणि पुढच्या वर्षी डबा परत माझ्याच हातात.

आमचा ढोलकीवाला तर मंडळीतला नव्हताच, कॉलेजचा मित्र, हिंदू घरातला. त्यावर थोडी कुरकुर झालीच. पण आम्ही जी भजनं गात होतो ती बरीचशी रेव्हरंड टिळकांची, आणि नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांसाठी! मग ढोलकीवाल्याला कोण अडवणार? शिवाय त्याच्याइतका ठेका आमच्यात कोणाला जमत नव्हता हेही आहेच.

तर त्या बाईंना मी एवढंच म्हटलं, मुलगा काय वाजवतो ते सोडा, त्याला तिथे कोणतं काम दिलंय ते विचारा. काहीच दिलं नसेल तर पंचांना जाऊन भेटा.

आमच्याकडे सध्या हॉलची चावी अकरावीतल्या एका मुलीकडे आहे, ती संघाची सेक्रेटरी. आतापर्यंत दोनदा कुलूप उघडं राहिलंय. दुसऱ्यांदा एका पंचांचा मला फोन आला, चिडले होते. मी म्हटलं, मला कशाला सांगता, तिचा नंबर आहे ना तुमच्याकडे, तिलाच करा.