मस्टरवरचा 'ए'

(बेळगावातल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मी काही वक्ता नाही. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, टाइम ऑफिसात माझी तीस वर्षं गेली. पंचिंग, मस्टर म्हणजे हजेरीपट, पगारपत्रक, एवढंच काम. तेव्हा बोलायचं तर त्या मस्टरबद्दलच बोलतो.

ऑर्डरी आटल्या की आधी ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, जाते. आपल्याकडे घराचा हप्ता, पोरांची फी, गणपतीची वर्गणी, सगळं ओटीवर बेतलेलं असतं. घरात म्हणतात, पगार निम्मा झाला. कायद्याच्या लेखी मात्र काहीच झालेलं नसतं, कारण आठ तासांचं काम चालूच आहे. ओटी बुडाली म्हणून भरपाई मिळत नाही. कडू आहे, पण आधीच सांगितलेलं बरं.

खरा प्रश्न पुढे येतो. सुपरवायझर गेटवर म्हणतो, "मेटल नाही, परत जा. उद्या-परवा पण येऊ नका." हा ले-ऑफ. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तो होता आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. वेळेवर हजर झालात आणि दोन तासांत काम दिलं नाही, तर तो दिवस ले-ऑफचा. कारखान्यात पन्नास किंवा जास्त कामगार असतील आणि तुमची सलग वर्षाची नोकरी असेल, तर बेसिक आणि डीएच्या, म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या, ५० टक्के भरपाई मिळते. दुसऱ्याच्या जागी येणारे बदली कामगार आणि कॅज्युअल कामगार त्यातून वगळलेले. आपल्या फाउंड्र्यांत असे किती असतात, ते तुम्हाला मी कशाला सांगू!

यात एक मेख आहे. त्याच नियमात लिहिलंय की ठरल्या वेळी दिवसातून एकदा हजेरी दिली नाही, तर भरपाई नाही. म्हणून तोंडी "येऊ नका" ऐकून घरी बसू नका. लेखी नोटीस मागा. ती इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असेल, तर वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. मराठीत का नाही, हे भांडण आपण गेली कित्येक वर्षं घालतोय, आज ते नको.

आता ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं. पगारातून ०.७५ टक्के तुमचे कापतात, मालक ३.२५ टक्के भरतो. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन सहामाही हिशेब. आजारपणाचा भत्ता, म्हणजे पगाराच्या ७० टक्के, हवा असेल तर सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी लागते. आता करा हिशेब: आठवड्याला तीनच दिवस काम, सव्वीस आठवडे, किती झाले? बरोब्बर ७८. मेहुणीच्या लग्नाला एक शुक्रवार गेलात की ७७.

१९४८ च्या ईएसआय कायद्यात ले-ऑफच्या पैशांना वेतनच म्हटलं होतं. म्हणजे ते पैसे मिळालेला दिवस वर्गणीत मोजला जायचा. पण मस्टरवर त्याच दिवशी 'ए' मारला, गैरहजर, की दिवसही गेला आणि निम्मा पगारही. आमच्याकडे एका मंदीच्या उन्हाळ्यात वरून निरोप आला, ले-ऑफ लिहायचं नाही. मी लिहिलं नाही. साच्यावरच्या एका कामगाराचे त्या सहामाहीत ७४ दिवस भरले. त्याचं कुणाला काही वाटलं नाही, त्यालाही नाही. एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. फेब्रुवारीत त्याला कावीळ झाली, तेव्हा कळलं. तो मलाच विचारायला आला, "साहेब, चार दिवस कुठं गेले?" मी त्याला चहा पाजला. दुसरं काही केलं नाही.

बेकारी भत्त्याचं आता थोडक्यात. ईएसआयचीच अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ मध्ये आली. पगाराच्या ५० टक्के मिळतात, पण जन्मात एकूण ९० दिवसच, तेही नोकरी गेल्यावर. दोन वर्षांची नोकरी लागते, आणि पुन्हा तेच ७८ दिवस: नोकरी जाण्याआधीच्या सहामाहीत आणि त्यामागच्या तीनपैकी एकीत. अर्ज तीस दिवसांनी करायचा. तिची मुदत वाढवत वाढवत नेतात, म्हणून आधी ईएसआयच्या शाखा कार्यालयात विचारा. आठवड्याला तीन दिवस कामावर जाणारा तिच्या लेखी बेकार नाही. कारखाना बंद झाला किंवा कपात झाली, म्हणजे मालकानं माणसं कमी केली, तर २००५ ची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे, २४ महिन्यांपर्यंत भत्ता देणारी. म्हणून "राजीनामा द्या, हिशेब करून टाकतो" म्हटलं की लगेच सही नको. राजीनामा ही कपात नव्हे. कपातीत वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळतो, राजीनाम्यावर तो मागता येत नाही.

बरेच जण मला कर्नाटक सरकारच्या युवानिधी या बेकारी भत्त्याचं विचारतात. अहो, ती नुकत्याच पास झालेल्या पदवी-डिप्लोमावाल्यांसाठी आहे, पंचेचाळिशीच्या मोल्डरसाठी नव्हे! आणि पलीकडे महाराष्ट्रात शिनोळीला कामाला जाणाऱ्यांनी घाबरू नये. हद्द ओलांडली की राज्य बदलतं, हे नियम बदलत नाहीत.

मघाशी वडगावच्या एका विणकरभावांनी विचारलं, आमचं काय? घरात चार मागांवर चालणाऱ्या धंद्याला यातलं बहुतेक काही लागू होत नाही. दहा माणसं नसली तर ईएसआयही सक्तीनं लागू होत नाही. तुमच्यासाठी माझ्याकडे आज उत्तर नाही, उगाच थाप मारत नाही.

ज्यांनी पगाराची स्लिप आणलीय, त्यांनी मागच्या बाकांवर थांबा. चष्मा आणलाय मी. एकेकाचे दिवस मोजू.