रिफंडच्या नावाखाली

हा पडद्यावर दिसतोय तो मेसेज 2023 मध्ये देशभर फिरला. ‘तुमचा 15,490 रुपयांचा आयकर रिफंड मंजूर झाला आहे. रक्कम लवकरच खात्यात जमा होईल.’ त्याखाली मधले आकडे झाकलेला एक खाते क्रमांक. आणि मग शेवटची ओळ: हा क्रमांक चुकीचा असल्यास पुढील लिंकवर जाऊन दुरुस्त करा.

खरी मेख या ओळीत आहे. क्रमांक चुकीचाच असतो, कारण तो तुमचा नसतोच. पण रिटर्न भरून रिफंडची वाट बघत बसलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. माझे पैसे दुसऱ्याच कुणाच्या खात्यात चालले की काय? अशा मेसेजला बळी पडणाऱ्यांना आपण सरसकट हावरे ठरवतो, ते मला अन्यायाचं वाटतं. हक्काचे पैसे हातचे जाऊ नयेत, एवढीच त्यांची धडपड असते. पीआयबी, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेकने हा मेसेज बनावट असल्याचं तेव्हाच जाहीर केलं होतं.

अशा लिंकच्या पलीकडे काय असतं? सप्टेंबर 2021 मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेने ‘ड्रिनिक’ नावाच्या ॲपबद्दल इशारा दिला. लिंक उघडली की आयकर विभागासारखंच दिसणारं पान यायचं आणि पडताळणीसाठी म्हणून एक एपीके फाइल, म्हणजे ॲप बसवणारी फाइल, फोनमध्ये घ्यायला लावायचं. ॲप एसएमएस आणि कॉलची परवानगी मागायचं. मग फॉर्म: नाव, पॅन, आधार, जन्मतारीख, खाते क्रमांक, डेबिट कार्डाचा क्रमांक, सीव्हीव्ही (कार्डावरचा गुप्त क्रमांक) आणि पिनसुद्धा. शेवटी रिफंडची रक्कम दिसायची. ‘ट्रान्सफर’ दाबलं की चूक झाल्याचा संदेश आणि अपडेट सुरू असल्याचा देखावा. तुम्ही त्या पडद्याकडे बघत थांबलेले असताना तुमची सगळी माहिती पलीकडे पोचत असायची.

आता खरा रिफंड कसा येतो ते बघा. रिटर्न भरताना आपण जे बँक खातं आयकर विभागाच्या पोर्टलवर प्रमाणित करून देतो, त्यातच तो थेट जमा होतो. त्यासाठी ओटीपी, पिन किंवा कार्डाचा क्रमांक सांगायची कधीच गरज पडत नाही.

अडचण अशी, की विभागाकडून खरे मेसेज आणि ईमेलही येतात. त्यामुळे सगळंच डोळे झाकून पुसून टाकणं परवडणारं नाही. मेसेजमधल्या लिंकला हात न लावता ‘इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन’ हा पत्ता स्वतः टाइप करा. लॉगिन करून रिफंडची स्थिती तिथेच बघा. नोटीस आली असेल, तर त्यावरचा ‘डिन’, म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक, शोधा. 1 ऑक्टोबर 2019 पासून विभाग आपल्या पत्रांवर तो देतो आणि पोर्टलवर तो ताडून पाहता येतो.

दुसरा सापळा ओळखीच्या माणसाकडून येतो, म्हणून त्याचा संशय येत नाही. ‘मी जास्त रिफंड काढून देतो, त्यातला थोडा भाग मला द्या.’ असा एजंट कर कमी दिसावा म्हणून न भरलेलं घरभाडं, न दिलेल्या देणग्या, नसलेली कर्जं दाखवतो. ईमेलही स्वतःचाच टाकतो, त्यामुळे विभागाची नोटीस तुमच्यापर्यंत पोचतच नाही. पण रिटर्न तुमच्या नावावर आहे. चुकवलेला कर व्याजासकट तुम्हालाच भरावा लागतो, शिवाय कराच्या 200 टक्के इतका दंडही होऊ शकतो. कोणाकडूनही रिटर्न भरून घ्या, पण प्रोफाइलमध्ये मोबाइल आणि ईमेल आपलाच आहे ना, हे लॉगिन करून स्वतः बघा. भरलेल्या रिटर्नची प्रतही मागून घ्या.

आणि पैसे गेलेच, तर घरचे काय म्हणतील या विचारात वेळ घालवू नका. चोर पैसे भराभर एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवतात. ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, म्हणजे बँकांना कळवून ती रक्कम वाटेतच अडवायचा प्रयत्न होतो. आपल्या बँकेलाही कळवा. लिंकवरून असं एखादं ॲप फोनमध्ये घेतलं असेल, तर त्या फोनचं इंटरनेट बंद करून दुसऱ्या फोनवरून कॉल करा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि मेसेजचा स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’वर लेखी तक्रार करताना तेच लागतं.