रिकाम्या परतणाऱ्या जेटचा हिशेब

(सहल व्यावसायिकांपुढे केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. इथे बसलेले बहुतेक जण सहलींच्या व्यवसायातले आहेत, त्यामुळे एक प्रश्न तुमच्याकडे आता अधूनमधून येत असणार: "निम्म्या किमतीत प्रायव्हेट जेट मिळतं म्हणे, खरं का?" खरं आहे. कधीकधी निम्म्याहूनही कमी किमतीत मिळतं. पण त्या पैशात नक्की काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे गिऱ्हाइकाला पैसे भरण्याआधी कळलं पाहिजे. ते सांगणं आपलं काम आहे, आणि ते काम नीट होत नाही म्हणून मी आज इथे उभा आहे.

विमान रिकामं का उडतं, तिथून सुरुवात करू. मुंबईत बेस असलेलं आठ आसनी जेट सकाळी एका उद्योजकाला दिल्लीला सोडतं. उद्योजक चार दिवस तिथेच राहणार असतात. तेवढे दिवस विमान दिल्लीत उभं ठेवायचं तर पार्किंग लागतं, पायलटांचं हॉटेल लागतं आणि मधल्या दिवसांतलं दुसरं भाडं बुडतं ते वेगळंच. म्हणून ते मोकळंच मुंबईला परततं. पुण्याची सवारी मुंबई विमानतळावर सोडलेला टॅक्सीवाला रिटर्न भाडं शोधतो, तसाच ऑपरेटर, म्हणजे विमान भाड्याने चालवणारी कंपनी, या परतीच्या फेरीला गिऱ्हाईक शोधतो. यालाच एम्टी लेग म्हणतात. जगभरात खासगी जेटच्या दर दहा उड्डाणांपैकी चारेक रिकामी होतात, असा अंदाज या धंद्यात नेहमी सांगितला जातो.

मुंबईचं आणखी एक दुखणं आहे. इथे खासगी विमानांना उभं राहायला जागा अपुरी पडते. पाहुण्यांना उतरवायचं, विमान दुसऱ्या शहरात नेऊन ठेवायचं आणि बोलावणं आलं की पुन्हा रिकामं आणायचं, हे इथे नेहमीचं आहे. मोठ्या सोहळ्यांत हेच छोट्या विमानतळांवर घडतं. मार्च २०२४ मध्ये अंबानींच्या घरच्या लग्नाआधीच्या कार्यक्रमांसाठी जामनगर विमानतळाला काही दिवसांपुरता आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला होता. मुळात तो हवाई दलाचा तळ, जागा मोजकी. असे कार्यक्रम असले की आसपासच्या मार्गांवर रिकाम्या फेऱ्या भरपूर निघतात. निवडणुकीत नेमकं उलटं होतं. विमानं पक्षांनी दिवसांच्या बोलीवर अडवलेली असतात, त्यामुळे स्वस्त फेरी शोधून सापडत नाही.

आता पैसे. आकडे फक्त समजण्यापुरते घेऊ. तासाला अडीच लाख दर धरा. मुंबई-दिल्ली दोन तास, म्हणजे जाऊन-येऊन दहा लाख, वर विमानतळाची फी आणि कर. ही सगळी रक्कम त्या पहिल्या गिऱ्हाइकाने भरलेली असते, रिकाम्या परतीसकट. तीच परतीची फेरी ऑपरेटर तुम्हाला साडेतीन लाखांना देतो. आठ जण असाल तर माणशी चव्वेचाळीस हजारांच्या आत पडते. दोघंच असाल तर माणशी पावणेदोन लाख, कारण बहुतेक वेळा सीट विकत नाहीत, अख्खं विमान विकतात. आठ जणांतसुद्धा साध्या विमानाच्या इकॉनॉमी तिकिटाशी याची तुलना होऊ शकत नाही. ज्यांना एरवी पूर्ण दराने चार्टर करायचंच होतं, म्हणजे अख्खं विमान भाड्याने घ्यायचंच होतं, त्यांचे पैसे इथे खरोखर वाचतात. बाकीच्यांसाठी ही हौस आहे. हौस करावी, त्यात वाईट काही नाही, पण तिला बचत म्हणू नये.

मला नेहमी विचारतात, विमान जाणारच आहे तर शेवटच्या क्षणी पंचवीस हजारांत का देत नाहीत? कारण माणसं बसली की खर्च वाढतो. दोन्ही विमानतळांवर हँडलिंग आलं, खाणंपिणं आलं, आतली साफसफाई आली. या सगळ्यापेक्षा मोठी भीती उशिराची असते. समजा याच विमानाला संध्याकाळी पाच वाजता मुंबईहून पूर्ण दराचं भाडं आहे आणि तुमच्या मंडळींतले दोघे ट्रॅफिकमध्ये अडकले. पायलटांच्या ड्यूटीचे तास डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमांनी बांधलेले असतात. एक तासाच्या उशिराने संध्याकाळचं उड्डाण बोंबलू शकतं. तीन लाखांसाठी दहा लाखांचं गिऱ्हाईक नाराज करण्यापेक्षा ऑपरेटर विमान रिकामं नेतो, आणि माझ्या मते बरोबर करतो.

म्हणजे मूळ प्रवास दुसऱ्याचा आहे. वेळ त्याची, मार्ग त्याचा, आणि त्याने बेत बदलला की तुमची फेरी संपली. एका कुटुंबाचा अनुभव सांगतो. सहा जण, गोव्याला निघालेले, उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरायचं होतं. आदल्या संध्याकाळी फोन आला: ज्यांना आणायला विमान गोव्याला जाणार होतं, त्यांनी मुक्काम एक दिवस वाढवला. विमानाचे पैसे पूर्ण परत मिळाले. रिसॉर्टची पहिली रात्र मात्र बुडाली, कारण ते बुकिंग रद्द होणारं नव्हतं. आजोबांना विमान दाखवायचं म्हणून ही सगळी हौस होती, आणि ते बॅग भरून बसले होते. करारात सगळं छापलेलं होतं: मूळ फेरी बदलल्यास ही फेरी रद्द, भाडं परत, बाकी जबाबदारी नाही. पण ते वाक्य त्यांना कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

म्हणून माझा आग्रह आहे की एम्टी लेग विकताना पर्यायी बुकिंग त्याच दिवशी करून ठेवा. गोव्यासाठी २०२३ पासून मुंबई-मडगाव वंदे भारत आहे, ती रोज धावत नाही, पण ज्या दिवशी असेल त्या दिवशी तिचं तिकीट काढून ठेवा. हॉटेल रद्द करता येणारं घ्या. सामान मऊ बॅगांत भरायला सांगा. किंग एअरसारख्या छोट्या विमानात सामानाची जागा मोजकी असते, कडक मोठ्या सूटकेस दारातूनच परत पाठवाव्या लागतात. आणि परतीचा प्रवास तर स्वतंत्रच ठरवा, कारण एम्टी लेग एकाच दिशेची असते.

आता जी गोष्ट मला सर्वात जास्त महत्त्वाची वाटते, ती परवान्याची. पैसे घेऊन प्रवासी न्यायचे असतील तर आपल्याकडे ऑपरेटरकडे डीजीसीएचा नॉन-शेड्यूल्ड, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाशिवाय भाड्याने विमान चालवण्याचा, परवाना लागतो. मालकाच्या स्वतःच्या वापरासाठी नोंदलेलं विमान भाड्याने देता येत नाही. "ओळखीतलं विमान आहे, डिझेलपाणी दिलं की झालं," असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. परवानाधारकांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते, ती बघायला पाच मिनिटं लागतात. जानेवारी २०१९ मध्ये एमिलियानो साला हा अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू फ्रान्समधल्या नांतहून कार्डिफला निघाला होता. एकाच इंजिनचं ते छोटं विमान इंग्लिश खाडीत कोसळलं आणि तो आणि पायलट दोघंही गेले. पायलटकडे पैसे घेऊन प्रवासी नेण्याचा परवानाच नव्हता. उड्डाण जुळवून देणाऱ्याला पुढे ब्रिटनमध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली. त्या माणसाने विमान चालवलं नव्हतं, फक्त जुळवून दिलं होतं. आपण सगळे नेमकं तेच काम करतो.

पर्यावरणाबद्दल तरुण गिऱ्हाईक विचारतात, आणि त्यांना खरं उत्तर द्यायला हवं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २०२३ सालात खासगी विमानांनी सुमारे १ कोटी ५६ लाख टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला, म्हणजे दर उड्डाणामागे सरासरी ३.६ टन. विमान तसंही जाणार होतं हे खरं, पण तुमच्या पैशांनी चार्टरचा धंदा थोडा आणखी परवडणारा होतो, हेही तितकंच खरं. "एम्टी लेग म्हणजे पर्यावरणपूरक" असं जाहिरातीत लिहू नका.

प्रश्नोत्तरांत एकाने विचारलं की लग्नाचं वऱ्हाड असं नेता येईल का. मुहूर्ताच्या दिवशी अजिबात नाही. दोन दिवस आधी जाणारी फेरी मिळाली आणि हातात रेल्वेची तिकिटं असली, तर खुशाल न्या. नवरा-नवरीला मात्र नेहमीच्या विमानानेच पाठवा.