नूरजहाँ मुर्शिद १९७१ मध्ये दिल्लीत कोणत्या अधिकाराने बोलल्या?

नमस्कार. बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामातील स्त्रियांविषयीचा भाग प्रसारित झाल्यापासून, १९७१ मध्ये दिल्लीत भारतीय खासदारांसमोर बांगलादेशाची बाजू मांडणाऱ्या नेत्या नूरजहाँ मुर्शिद यांच्याबद्दल सातत्याने विचारणा होत आहे, म्हणून आजचा भाग केवळ त्यांच्यावर आहे.

प्राथमिक माहिती थोडक्यात सांगतो. जन्म २२ मे १९२४ रोजी मुर्शिदाबाद जिल्ह्यातील तारानगर येथे, शिक्षण कोलकात्यात, काही काळ आकाशवाणीवर काम, शाळा-महाविद्यालयांत अध्यापन, प्राध्यापक खान सरवर मुर्शिद यांच्याशी विवाह, आणि १९५४ मध्ये संयुक्त आघाडीतर्फे पूर्व बंगालच्या (पुढचा पूर्व पाकिस्तान, आजचा बांगलादेश) प्रांतिक विधिमंडळावर निवड. ‘मुर्शिदाबादचा जन्म, म्हणजे त्या मूळच्या आपल्याच,’ असे लिहिणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की १५ ऑगस्ट १९४७ रोजी मुर्शिदाबादेत पाकिस्तानचा ध्वज फडकला होता आणि फाळणीची सीमा ठरवणारा रॅडक्लिफ निवाडा १७ तारखेला जाहीर झाल्यावरच तो जिल्हा भारताकडे आला. जन्मगावावरून माणसाला या किंवा त्या देशाच्या खात्यावर मांडण्याची घाई बंगालच्या बाबतीत तरी करू नये.

आता खऱ्या गोंधळाकडे वळू. ‘पाकिस्तानची खासदार भारतात येऊन पाकिस्तानविरुद्ध भाषण कशी करू शकते? हा देशद्रोह नव्हे का?’ असे एका दर्शकाने जरा चिडूनच विचारले आहे आणि त्याखाली बऱ्याच जणांनी माना डोलावल्या आहेत. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत पाकिस्तानच्या राष्ट्रीय विधानसभेच्या ३१३ जागांपैकी १३ स्त्रियांसाठी राखीव होत्या. त्यांपैकी पूर्व पाकिस्तानच्या ७ जागा तेथून निवडून आलेल्या सदस्यांच्या मतांनी भरायच्या होत्या, आणि तेथील १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगने जिंकलेल्या असल्यामुळे सातही जागा त्याच पक्षाकडे गेल्या. नूरजहाँबाई त्या सातजणींपैकी एक होत्या. या सभेचे मुख्य काम राज्यघटना तयार करणे हे होते. मात्र ३ मार्च १९७१ ची बैठक पाकिस्तानचे लष्करी राष्ट्राध्यक्ष याह्या खान यांनी दोन दिवस आधी पुढे ढकलली आणि २५ मार्चच्या रात्री ढाक्यात लष्कर उतरले.

येथेच बहुतेकांची गाडी अडते, म्हणून पुन्हा सांगतो. १० एप्रिलच्या स्वातंत्र्याच्या घोषणापत्रात याच निवडून आलेल्या प्रतिनिधींनी स्वतःला बांगलादेशाची संविधान सभा म्हणून घोषित केले. मतदार बदलले नाहीत, मतेही बदलली नाहीत. ज्या राज्यासाठी ती मते वापरायची, ते राज्य बदलले. त्यामुळे फणिभूषण मजुमदार आणि शाह मोअज्जम हुसेन यांच्यासह नूरजहाँबाई दिल्लीत भारतीय खासदारांसमोर उभ्या राहिल्या, तेव्हा त्या आश्रय मागायला आलेल्या निर्वासित नव्हत्या, तर बांगलादेशाच्या सरकारला मान्यता द्या अशी मागणी करणाऱ्या लोकप्रतिनिधी होत्या.

हीच गोष्ट इस्लामाबादच्या बाजूनेही पाहा. लष्करी राजवटीने त्यांना त्यांच्या गैरहजेरीत १४ वर्षांच्या कारावासाची शिक्षा ठोठावली. ज्या बाईच्या शब्दाला वजन नाही, तिच्यासाठी कोणी खटल्याचा खटाटोप करत नाही. आणि भारताच्या बाजूने पाहिले, तर ३१ मार्चला आपल्या संसदेने सहानुभूतीचा ठराव केला, पण मान्यता मिळायला ६ डिसेंबर उजाडला. म्हणजे त्यांना दिल्लीत जे पटवून द्यायचे होते, ते टिप्पण्या लिहिणाऱ्यांना वाटते तितके सोपे नव्हते. आमच्या घरातील जुन्या पत्रांपैकी एकावर ‘शरणार्थी सहायता’ असा छाप मारलेले पाच पैशांचे जादा तिकीट आहे. त्या वर्षाच्या अखेरीस टपाल पाठवताना ते लावावे लागे, त्यामुळे हा विषय महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचला होताच.

स्वातंत्र्यानंतर शेख मुजीबुर रहमान यांच्या सरकारात त्या आरोग्य व समाजकल्याण खात्याच्या राज्यमंत्री झाल्या. युद्धाने उद्ध्वस्त झालेला देश आणि भारतातून परतणारे सुमारे एक कोटी निर्वासित हे चित्र डोळ्यांसमोर आणले, तर ते खाते शोभेचे नव्हते हे वेगळे सांगायला नको. ऑगस्ट १९७५ मध्ये मुजीब यांची आणि नोव्हेंबरमध्ये चार ज्येष्ठ नेत्यांची तुरुंगात हत्या झाली, त्यानंतर नूरजहाँबाई सक्रिय राजकारणापासून दूर झाल्या.

‘मंत्रिपद गेल्यावर समाजसेवा आठवली,’ ही टिप्पणी मात्र मला खटकली. बांगलादेश महिला समितीच्या त्या पहिल्या अध्यक्षा होत्या. ढाक्यातील बेली रोडवरच्या या समितीच्या सभागृहात पुढे तिकडची प्रायोगिक रंगभूमी वाढली. स्त्रियांच्या संस्थेचे छप्पर नाटकवाल्यांच्याही कामी आले, हे मला विशेष वाटते. पुढे त्यांनी ‘एदेश एकाल’ हे नियतकालिक काढले आणि त्याचे संपादनही केले. १ सप्टेंबर २००३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कन्या शर्मीन मुर्शिद यांच्याबद्दलही अनेकांनी विचारले आहे. होय, ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात स्थापन झालेल्या अंतरिम सरकारात सल्लागार (म्हणजे मंत्र्याच्या दर्जाच्या) म्हणून समाजकल्याण खाते सांभाळलेल्या शर्मीन मुर्शिद त्या याच.