आई-वडील कुठल्या शहरात भेटले?

श्रोतेहो, नमस्कार.

घरच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड विसरला की आपण दुकानात फोन लावतो, आणि तिकडून उत्तर येतं, "फॉरमॅट मारावा लागेल." लगेच हो म्हणू नका. फॉरमॅट म्हणजे फोटो, हिशोब, पत्रिका, सगळं गेलं. आधी कॅप्स लॉक चालू आहे का ते बघा. मग पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात भाषा इंग्रजी आहे का मराठी, ते बघा. मराठीत अर्ज टाईप करणाऱ्या घरांत हे हमखास होतं. पासवर्ड बरोबर असतो, अक्षरं भलतीच उमटतात, आणि आपल्याला दिसतात नुसते ठिपके. चौकटीत उजवीकडे डोळ्याचं चित्र असतं, ते दाबलं की काय टाईप झालंय ते दिसतं.

एवढं करूनही उघडलं नाही तर काय, हे सांगायला मला अण्णांची गोष्ट सांगावी लागेल.

अण्णा आमच्या ओळखीचे, निवृत्त मुख्याध्यापक, राहायला सांगलीच्या विश्रामबागेत. सोसायटीचा जमाखर्च, भिशीचा हिशोब आणि नातीच्या लग्नाची आमंत्रणाची यादी, सगळं त्यांच्या कॉम्प्युटरात. पुण्याला लेकाकडे राहून आले, बटण दाबलं आणि पासवर्ड काही आठवेना. त्यांचं खातं ईमेल न जोडता उघडलेलं, त्या कॉम्प्युटरपुरतं. अशा खात्याला विंडोजमध्ये पासवर्ड चुकला की खाली रीसेटची ओळ येते. ती दाबली की खातं उघडताना निवडलेले तीन प्रश्न समोर येतात. तिन्ही उत्तरं जुळली तरच नवा पासवर्ड ठेवता येतो.

पहिला प्रश्न, जन्म कुठल्या शहरात? अण्णांचा जन्म आजोळी, विट्याला. दुसरा, लहानपणीचं टोपणनाव? सूनबाई शेजारीच उभ्या, त्यामुळं अण्णा जरा घुटमळले आणि पुटपुटले, "गुंड्या." तिसरा प्रश्न, तुमचे आई-वडील कुठल्या शहरात भेटले?

आता हा प्रश्न ज्यानं काढला त्याच्याकडं माणसं आधी भेटत असतील आणि मग लग्न करत असतील. अण्णांच्या आईवडिलांचं काय सांगायचं? काकू म्हणाल्या, "बघायला गेले असतील की, पोहे खायला." मिरजेच्या आत्याला फोन लावला, स्पीकरवर. आत्या म्हणाल्या, "कोण गेलंय बघायला? थोरले काका एकटे जाऊन मुलगी पसंत करून आले. तुझ्या बापानं तिचं तोंड बघितलं ते अंतरपाट खाली आल्यावर!" लग्न कुठं झालं? तासगावात. तासगाव टाकलं, चुकलं. विटा टाकलं, चुकलं. सांगली टाकलं, तेही नाही. जोडीनं पहिल्यांदा दर्शनाला गेले म्हणून नरसोबाची वाडीसुद्धा टाकून झाली.

अंतरपाटावरून आठवलं. हल्ली नवरा-नवरी वर्षभर रोज फोनवर बोलत असतात, तरी अंतरपाट खाली आला की फोटोवाला ओरडतो, "लाजा, लाजा!" भटजी पुढचे विधी थांबवून उभे, आणि मागं पंगत खोळंबलेली. असो.

शेवटी नातवाला फोन केला, कारण खातं उघडून दिलं होतं त्यानंच. तो हसायलाच लागला. "आजोबा, मी हा प्रश्न वाचून दाखवला तेव्हा तुम्ही खेकसलात, 'मला काय माहीत!' मी तेच टाकलंय." मग इंग्रजी अक्षरांत 'मला काय माहीत' लिहायला घेतलं. अण्णा पडले मुख्याध्यापक, 'ही' दीर्घ म्हणून दोन ई घालायचा त्यांचा हट्ट. नातवानं घातला होता एकच आय. एकच आय घातला, आणि कॉम्प्युटर उघडला.

श्रोतेहो, गंमत सोडा, पण त्या तिन्हींत भक्कम उत्तर तेच होतं. जन्मगाव, टोपणनाव, पहिली शाळा हे आपल्याकडं गल्लीला पाठ असतं. तेव्हा या प्रश्नांना खरं उत्तर द्यायची सक्ती नाही. खोटं द्या, आणि स्पेलिंगसकट वहीत लिहून ठेवा. वही कपाटात ठेवा, कॉम्प्युटरला चिकटवू नका. पासवर्ड लिहून ठेवणं म्हणजे गुन्हा, असं काही लोक सांगतात, ते मला पटत नाही. घरात शिरलेला चोर सोनं शोधतो, वही वाचत बसत नाही.

खातं मायक्रोसॉफ्टच्या ईमेलचं असेल तर पासवर्ड मोबाईलवरूनही बदलता येतो, पण त्याचा कोड येतो तुम्ही नोंदवलेल्या नंबरावर किंवा दुसऱ्या ईमेलवर. सिमकार्ड बदलून नंबर नवा झाला असेल तर खात्यातला नंबर आधी बदलून घ्या. नव्या लॅपटॉपमध्ये कित्येकदा डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते, आणि तिची 48 आकडी किल्ली त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. ती आजच वहीत उतरवा. पुन्हा सांगतो, 48 आकडी किल्ली. कॉम्प्युटरनं ती मागितली आणि ती हरवलेली असेल, तर आतलं काही परत मिळत नाही. डिस्क कुलूपबंद नसेल तर याच्या बरोबर उलटं. ती काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की तुमचा पासवर्ड न विचारता फाईली दिसतात. म्हणून दुरुस्तीला देताना ओळखीचं दुकान बघा.

फोटोंची आणि हिशोबाची एक प्रत पेन ड्राईव्हवर घ्या. आणि तो ड्राईव्ह कॉम्प्युटरच्याच टेबलाच्या खणात नको. 2005 आणि 2019 चे पूर बघितलेल्या सांगलीकराला हे वेगळं सांगायला नको. उंचावर राहणाऱ्या पाहुण्यांकडं ठेवा.

सगळ्यांत जपायचा पासवर्ड ईमेलचा, कारण बाकीच्यांचे रीसेट तिथंच येतात. तो लांब ठेवा आणि दुसरीकडं कुठंही वापरू नका. कुणी फोन करून म्हणालं, "तुमच्या कॉम्प्युटरात व्हायरस आहे, हे ॲप घ्या, मी दुरुस्त करतो," तर फोन ठेवा. मायक्रोसॉफ्ट असा आपणहून फोन करत नाही. पैसे गेलेच तर त्याच घटकेला 1930 लावा, ही सरकारची सायबर फसवणुकीची हेल्पलाईन. सकाळ होईपर्यंत थांबू नका, रक्कम पुढं सरकायच्या आत ती अडवता येण्याची शक्यता असते. नंबर पुन्हा सांगतो, एक, नऊ, तीन, शून्य.

नमस्कार.